दोन खिळ्यांवरचं नवीन वर्ष

आमच्या वर्गात मुलं अकरा. किस्से किती, हे मात्र कुणी विचारू नये. दर जूनमध्ये मी ठरवते की यंदा गप्प राहायचं, वर्गातलं वर्गातच ठेवायचं. आणि पहिल्याच ट्रेनिंगला डबा उघडला की शेजारच्या तालुक्यातल्या चार मॅडम आपापले डबे घेऊन माझ्या बाकावर सरकतात. "हं, काय केलं तुमच्या पोरांनी?" मग माझी भाजी गार होते आणि ट्रेनिंगचं दुसरं सत्र उशिरा सुरू होतं.

तर वर्ग म्हणजे कागदावर संसाधन कक्ष, गावात 'मॅडमची खोली'. नागभीडहून बसने पाऊण तास, तलावाच्या काठाला आमची शाळा, आणि शाळेच्या टोकाला ही खोली. ज्या मुलांना चालायला, बोलायला, शिकायला वेगळी पद्धत लागते ती माझ्याकडे येतात. मदतीला शीलाबाई आहेत. पगाराच्या कागदावर त्या मदतनीस आहेत, पण कोण कुणाला मदत करतं हे तुम्हाला पुढे कळेलच.

मी माजरीची. बाबा कोळसा खाणीत होते, घरातलं जेवण-झोप सगळं खाणीच्या भोंग्यावर चालायचं. त्यामुळे वेळापत्रकाच्या बाबतीत मला कुणी शिकवू शकत नाही, असं मला वाटायचं. आज फक्त एक जानेवारीचे किस्से सांगते. वर्षातला एकच दिवस, पण माझ्या नोकरीतले निम्मे घोळ त्याच दिवशी झालेत.

*

पहिल्या वर्षी हेडमास्तर सरांना उत्साह आला. आपल्या या मुलांनी पण नवीन वर्ष साजरं करायला पाहिजे, थाटात करायला पाहिजे! मी नागभीडहून केक आणला. बसमध्ये मांडीवर धरून आणला, दर खड्ड्याला देवाचं नाव घेत. सरांनी मेणबत्ती लावली. मुलं गोल करून उभी राहिली आणि कुणी काही सांगायच्या आत सगळ्यांनी 'हॅपी बर्थडे' गायला सुरुवात केली.

यात त्यांची काही चूक नाही. केक त्यांनी पाहिला होता तो सरपंचबाईंच्या नातवाच्या वाढदिवसाला. केक आला की गाणं आलंच.

गाणं नावापाशी येऊन अडलं. आमचा देवाजी पुढे झाला. देवाजीला डाऊन सिंड्रोम आहे, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता, आणि कुठल्याही कार्यक्रमात सगळं रीतसर झालं पाहिजे ही जबाबदारी तो स्वतःहून अंगावर घेतो. त्याने सरांना विचारलं, बर्डे कोणाचा? सर म्हणाले, नवीन वर्षाचा.

"ते कुठी हाये?"

ज्याचा वाढदिवस आहे तोच हजर नाही म्हटल्यावर केक कापायचा कसा? देवाजीने खोलीभर नजर फिरवली. नवी साडी नेसलेली मी एकटीच होते. त्याने माझा हात धरून मला केकसमोर उभं केलं, आणि प्रश्न मिटला.

दुपारपर्यंत अर्ध्या गावाने मला शुभेच्छा दिल्या. सरपंचबाईंनी ब्लाउजपीस पाठवलं. माझा वाढदिवस जुलैत असतो हे मी प्रत्येकाला सांगितलं, ते सगळ्यांनी हसत ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षी एक जानेवारीला ज्यांनी स्वतः तो केक आणायला लावला होता ते हेडमास्तर सर सकाळी सकाळी माझ्याजवळ आले. हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

आता मी फक्त थँक्यू म्हणते. जुलैत कुणी विचारत नाही.

*

आता यशोदा. यशोदा चौदा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. दिवसातून तीन-चार शब्द बोलते, तेही गरज पडली तर. तिचे वडील सोमाजीभाऊ तलावात मासे धरतात आणि बाजाराला नेतात.

आमच्या वर्गात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे, आणि ते फाडायचं काम यशोदाचं. साडेदहाची घंटा झाली की ती उठते, कालचं पान फाडते, त्याच्या बरोबर चार घड्या करते आणि खिशात ठेवते. मग वर्ग सुरू होतो. त्याआधी मी फळ्यावर एक रेघ जरी ओढली तरी ती येऊन पुसते. शाळेचा दिवस केव्हा सुरू होतो हे आमच्याकडे हेडमास्तर नाही, यशोदा ठरवते.

ती पानं ती घरी नेऊन थैलीत ठेवते, दर वर्षाची थैली वेगळी. त्यांना हात लावायचा नाही. एकदा तिच्या आईने घाईत चूल पेटवायला एक पान घेतलं, तर यशोदाने ते पेटत्या चुलीतून काढलं. बोटं भाजली पण पान थैलीत परत गेलं.

रविवारचं पान सोमवारी निघतं. सोमवारी दोन पानं, त्यात काही अडचण नाही. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा चौदा पानं तुंबली होती. यशोदाने पहिलं फाडलं, चार घड्या केल्या, खिशात ठेवलं. दुसरं फाडलं. मधेच ती एकेका पानाकडे बघत थांबायची. मुलं मुकाट बसून होती. मीही बसले होते.

नेमके त्याच दिवशी तालुक्याहून साहेब आले. वर्गात फळा कोरा, बाई खुर्चीत, मुलं भिंतीकडे बघतायत. साहेबांनी विचारलं की हे काय चाललंय. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात बाळू बोलला. बाळू चाकाच्या खुर्चीत असतो, पाय आणि डावा हात त्याचं ऐकत नाहीत, पण तोंडाने त्याला कधी दगा दिलेला नाही.

"सुट्ट्या संपवून राह्यली, साहेब. अजून सहा दिवस बाकी हायेत."

साहेब बसले. सहाही दिवस संपेपर्यंत बसले. जाताना शेरा काय लिहावा हे त्यांना कळेना, शेवटी त्यांनी 'शिस्त चांगली' असं लिहिलं.

*

एवढं डोळ्यांनी पाहूनही मला अक्कल आली नाही, हे आता सांगायला लागतंय.

त्यानंतरचाच एक जानेवारी. गेल्या वर्षीचा. नवीन कॅलेंडर माझ्या पिशवीत होतं, आणि मी बसमध्ये होते. रस्त्यात तणसाचा ट्रॅक्टर उलटला होता, सगळीकडे धानाचं तणीस पसरलेलं, बस तासभर जागेवर. मी निवांत होते. म्हटलं, उशीर झाला तर झाला, एका दिवसाने काय होतं?

इकडे साडेदहाला घंटा झाली. यशोदाने एकतीस डिसेंबरचं पान फाडलं. मागे पुठ्ठा. तिने पुठ्ठ्याला हात लावून पाहिला, उलटून पाहिला, मग पुठ्ठाही खिळ्यावरून काढला. भिंतीवर नुसता खिळा राहिला. शीलाबाई सांगत होत्या की ती त्या खिळ्यावर बोट ठेवून बराच वेळ उभी होती, आणि मग चप्पल घालून घरी निघून गेली.

मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. नवीन कॅलेंडर लावलं, वरचं कव्हर फाडलं, देवाजीला बोलावून दिवस सुरू केला, आणि पुढची पानं रोज मीच फाडत गेले. संध्याकाळी तिच्या घरी गेले. सोमाजीभाऊ अंगणात जाळं शिवत होते. म्हणाले, "ते म्हणते शाळा सरली."

मी समजावलं. मला समजावता फार छान येतं! दुसऱ्या दिवशी गेले, चौथ्या दिवशी गेले, पंधरा दिवसांनी तर कॅलेंडरच काखोटीला मारून गेले. बघ यशोदा, आज पंधरा तारीख, शाळा चालू आहे. तिने कॅलेंडरच्या वरच्या कडेला बोट लावलं, जिथे फाडलेल्या पानांचे तुकडे अडकून राहतात तिथे. मग तोंड फिरवून भिंतीकडे बसली. त्यानंतर माझ्याकडे बघणंही बंद केलं.

फेब्रुवारी उजाडला. तिची आई कामाला जाईना, तिच्याजवळ कुणीतरी लागायचं म्हणून. मी शीलाबाईंजवळ रडकुंडीला आले होते. मी म्हटलं, सगळं करून पाहिलं, आता काय करू? शीलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"मॅडम, त्या पोरीचे दिवस तुमी फाडले. ते कशाले येईन?"

बीएड झालं, स्पेशलचा डिप्लोमा झाला, खाणीचा भोंगा झाला. एवढं साधं मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला दिसलंही नव्हतं.

फेब्रुवारीत कुठे मिळतंय कोरं कॅलेंडर? नागभीडच्या बाजारात मी आठ दुकानं पालथी घातली. शेवटी एका किराणावाल्याकडे पोत्यांखाली एक निघालं, कोपरा उंदराने कुरतडलेला. ते तसंच तिच्या अंगणात नेऊन ठेवलं आणि या वेळी तोंड बंद ठेवलं. यशोदाने कव्हर काढलं. मग एक जानेवारी फाडला, चार घड्या केल्या. मग दोन. मग तीन. ऊन अंगणातून निघून गेलं तेव्हा ती आजच्या तारखेला पोचली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती कुरतडलेलं कॅलेंडर काखेत धरून वर्गात हजर होती. मी लावलेलं कॅलेंडर तिने खिळ्यावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. तसं बघितलं तर ते परत करण्यातही तिने सभ्यपणाच दाखवला.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पुढच्या दिवाळीत कॅलेंडर तिच्याच घरी पाठवलं. तेवढी शहाणी मी झाले होते.

*

बघता बघता पुन्हा डिसेंबर आला. पहिल्याच आठवड्यात सोमाजीभाऊ शाळेत आले. ते कधी येत नाहीत, आले तर दारातूनच बोलतात. हातात शिंगाड्यांची पिशवी होती, ती त्यांनी उंबरठ्यावर ठेवली.

"मॅडम, मागल्या खेपेस दीड महिना पोरीची माय कामाले गेली नाई. या खेपेस पोरगी तशी बसली तं मी तिले मुलचेऱ्याले नेऊन देईन, तिच्या मावशीजवळ. तिथी घरी मानसं हायेत."

रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर मी भांडले असते. मुलचेरा म्हणजे इथून दिवसभराचा प्रवास, बस बदलत बदलत. तिथे तिच्यासाठी ना खोली ना खिळा. एकदा गेली की परत येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या दिवशी मी मुलांनाच विचारलं. वर्गात गोल बसवलं आणि सांगितलं की एक तारखेला जुनं कॅलेंडर संपणार आहे, यशोदाला त्रास होऊ नये म्हणून काय करायचं? देवाजी म्हणाला, केक आणा. त्याचं सगळ्यावर तेच उत्तर असतं. रेश्माने, तिला ऐकू येत नाही, खुणेने सांगितलं की शाळेला सुट्टी द्या. बाळू छताकडे बघत होता.

"दोन खिळे ठोका ना, मॅडम. जुनं संपाच्या आधीच नवं लावून द्या. तिले दिसते ना मंग."

मी त्याच दिवशी दुसरा खिळा ठोकला.

*

नवीन कॅलेंडर आलं, जुन्याच्या शेजारी लागलं. यशोदाने ते पाहिलं. जवळ गेली आणि ते उलटं करून, तोंड भिंतीकडे करून टांगलं. त्याची पाळी अजून आली नव्हती, एवढंच.

मला ते पटलं. हेडमास्तर सरांना कोण सांगणार? सर रोज सकाळी फेरीला आले की त्यांना कॅलेंडर उलटं दिसायचं, ते सरळ करून जायचे. साडेदहाला यशोदा ते उलटं करायची. दुसऱ्या दिवशी सर सरळ करायचे. आठवडाभर हे चाललं. शीलाबाई आणि मी दोघी बघत होतो, मधे पडलो नाही.

आठव्या दिवशी सरांनी खिडकीची बारकाईने तपासणी केली. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, या खोलीत वारा लय येऊन राह्यला." आणि दुपारी त्यांनी सुतार पाठवून आमच्या खिडकीला नवी फळी बसवून दिली. ती फळी मी तीन वर्षं मागत होते.

*

दरवर्षी मुलं नवीन वर्षाची कार्डं करतात. कुणाला द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. रेश्माचं शीलाबाईंना गेलं, देवाजीचं सरपंचबाईंच्या नातवाला, पुढच्या केकवर नजर ठेवून. बाळूने मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला. कार्ड बसच्या ड्रायव्हरभाऊंना होतं.

मजकूर असा: 'नवीन वर्षात गाडी टाइमावर आणजा. एक तारखेले तं आणजाच. आमच्या मॅडम तिच्यात असतात.'

मी म्हटलं, बाळू, गेल्या वर्षी त्यांची काही चूक नव्हती, ट्रॅक्टर उलटला होता. बाळू म्हणाला, म्हणूनच तर पत्र द्यायचं, नाही तर तोंडीच सांगितलं असतं. मी कार्ड नेऊन दिलं. ड्रायव्हरभाऊंनी ते दोनदा वाचलं, घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि गिअर टाकला.

*

मग काउंटडाउन. ही कल्पना माझी, त्यामुळे दोषही माझाच. टीव्हीवर दाखवतात तसं दहा, नऊ, आठ करत यायचं आणि शून्याला घंटा वाजवायची. घंटा झाली की यशोदा पान फाडेल, जुनं संपेल, नवं सुरू होईल. म्हणजे कुणाला काही अचानक होणार नाही.

देवाजीला मी दीड वर्ष आकडे शिकवत होते. एकापासून दहापर्यंत यायला आम्हाला एक अख्खा पावसाळा लागला होता. नोव्हेंबरात तो शंभरावर पोचला तेव्हा सरांनी त्याच्या गळ्यात हार घातला होता. आणि आता मी त्याला सांगत होते की दहानंतर नऊ म्हण.

तो माझ्याकडे बघत राहिला. शिकवलेलं सगळं परत घेऊन राहिले की काय, असं त्याला वाटलं असणार. त्याने मान हलवली.

"दहानंतर अकरा येते, मॅडम. तुमीच सांगितलं होतं."

दोन दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला. ठरलं की सरळच मोजायचं, एक ते दहा, आणि दहाला बाळूने घंटा द्यायची. रंगीत तालमीत देवाजी दहाला पोचला, आणि थांबला नाही. अकरा, बारा, तेरा. बाळू हातातली घंटा धरून बसलेला. मी खुणा करून दमले. त्याला शंभरपर्यंत येत होतं, मग तो दहाला का थांबेल? शंभर झाल्यावर त्याने श्वास घेतला आणि पुन्हा एकपासून धरलं. शीलाबाईंनी शेवटी त्याच्या तोंडात शिंगाडा दिला.

मी ठरवलं की एक तारखेला मोजणं नको. शाळेची नेहमीची घंटा, नेहमीचं साडेदहा, बस्स.

*

एक जानेवारी. मी आरशासमोर पिना लावत होते, तेवढ्यात नागभीडच्या माझ्या गल्लीत हॉर्न वाजला. बस स्टॉपवर थांबते, माझ्या दारात नाही. खिडकीतून पाहिलं तर बस माझ्या दारात. वेळेच्या वीस मिनिटं आधी. आतले प्रवासी वैतागलेले, एक म्हातारा खिडकीतून डोकं काढून विचारत होता की ही काय आमदारीण आहे का. ड्रायव्हरभाऊंनी समोरच्या काचेकडे बोट दाखवलं. काचेवर बाळूचं कार्ड चिकटवलेलं होतं.

"मले लेखी ऑर्डर हाये," ते म्हणाले.

मी अर्ध्या पिना हातात घेऊनच चढले.

दहालाच वर्गात. शीलाबाईंनी शिंगाडे उकडले होते, बुंदी आणली होती. केक मी आणलाच नव्हता. फुगेही नव्हते, आमच्या दोन मुलांना फुगा फुटला की दिवसभर थरथर सुटते. सर आले, सरपंचबाई आल्या. सोमाजीभाऊ दाराबाहेर उभे राहिले, आत या म्हटलं तर येईनात. मुलचेऱ्याच्या बसची वेळ त्यांनी विचारून ठेवली होती, हे मला शीलाबाईंनी आधीच सांगितलं होतं.

साडेदहाला घंटा झाली. यशोदा उठली. एकतीस डिसेंबरचं पान फाडलं, चार घड्या केल्या, खिशात ठेवलं. मागे पुठ्ठा. शेजारच्या खिळ्यावर नवं कॅलेंडर, तोंड भिंतीकडे करून. आता फक्त ते उलटायचं होतं. हातभर अंतर होतं.

तिने पुठ्ठा काढला. रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवलं. आणि चप्पल घालून दाराबाहेर निघून गेली.

सोमाजीभाऊंच्या समोरून गेली. त्यांनी हात पुढे केला नाही, मी नको म्हणून खूण केली होती. का केली ते मलाच सांगता येत नाही. तलावाच्या बांधावरून तिचं घर दिसतं, चालत दहा-बारा मिनिटं. ती त्याच वाटेने चालली होती, मागे न बघता. सोमाजीभाऊ म्हणाले, "गेली, मॅडम."

सरांनी बुंदीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. महिनाभर मला खात्री होती की या वेळी मी सगळं बरोबर केलंय. दोन खिळे, वेळेवर बस, फुगे नाहीत. तरीही गेलीच. आता दुपारी कुठल्या तोंडाने तिच्या घरी जायचं, हे मी ठरवत होते.

तेवढ्यात देवाजी उठून खोलीच्या मध्यभागी उभा राहिला आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. त्याच्या हिशेबी कार्यक्रमात मोजणं होतं आणि ते अजून झालं नव्हतं. या वेळी त्याला कुणी थांबवलं नाही. पन्नासच्या पुढे रेश्मा त्याच्या ओठांकडे बघून बोटं मिटायला लागली. शंभर झाले की बाळू खुर्चीच्या फळीवर एक चिंचोका ठेवायचा, आणि देवाजी पुन्हा एकपासून सुरू करायचा. तिसऱ्या शंभराला सरपंचबाईही मोजत होत्या. पाचव्याला हेडमास्तर सर. मी बांधाकडे पाठ करून बसले होते, मला बघवत नव्हतं.

आठ चिंचोके झाले होते. नववं शंभर, सदुसष्ट.

"आली," शीलाबाई म्हणाल्या.

यशोदा दारात उभी होती, दम लागलेला, खांद्यावर नायलॉनची थैली. तीच, सरल्या वर्षाच्या पानांची. ती सरळ भिंतीकडे गेली. खिशातलं एकतीस डिसेंबर काढून तिने थैलीत सगळ्यात वर ठेवलं आणि भरलेली थैली जुन्या खिळ्यावर टांगली. हलवून पाहिली, पक्की बसली का ते. मग शेजारचं कॅलेंडर उलटलं, तोंड आमच्याकडे केलं. कव्हर फाडलं, चार घड्या केल्या, खिशात ठेवलं. एक जानेवारी दिसला.

सोमाजीभाऊ पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आत आले आणि मुलांच्या सतरंजीवर बसले. शीलाबाईंनी त्यांच्या हातात शिंगाडे दिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सगळे बुंदीकडे वळले. मीही फळ्याकडे निघाले होते, तर यशोदा अजून थैलीपाशीच होती. तिने थैलीत हात घातला, कोपरापर्यंत, पार तळाशी, आणि एक पान काढलं. उंदराने कोपरा कुरतडलेलं. माझ्याजवळ आली, माझी मूठ उघडली, पान तळहातावर ठेवलं आणि मूठ परत मिटवली. मग आपल्या जागेवर जाऊन बसली.

मी चार घड्या उघडल्या. गेल्या वर्षीचा एक जानेवारी.

देवाजी नववं शंभर पुरं करून आला होता. त्याने माझ्या हाताखालून डोकं घातलं, पानावर बोट ठेवलं आणि आकडा वाचला.

"एक," तो म्हणाला. "तुमचा बर्डे हाये, मॅडम. ठेवून घ्या."